मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर पंधरा दिवसांत बंद पडतो? या चुका टाळा

दर हिवाळ्यात कोणी ना कोणी बंद पडलेला सेन्सर घेऊन माझ्याकडे येतो आणि बॅटरी खराब निघाली म्हणतो. बॅटरी बहुतेक वेळा चांगलीच असते.

झोपेतला (दोन रीडिंगच्या मधल्या वेळेतला) करंट न मोजणं

ही चूक मीही केली आहे. काटोलकडच्या एका संत्रा बागेत आंबिया बहाराच्या ताणावर (फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी काही काळ तोडतात, त्यावर) नजर ठेवायला डिसेंबरात चार सेन्सर गाडले होते. चिपच्या डेटाशीटवर डीप स्लीपला, म्हणजे गाढ झोपेत, १० मायक्रोअँपिअर लिहिलेले, म्हणजे वर्षभराची निश्चिंती. पंधरवड्यात चारही गप्प झाले. "काऊन जी, ताण तोडाचा का नाही?" पाणी सुरू करायचं का, असं बागवाल्या भाऊंनी फोनवर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आणून मीटर लावला तर ७ मिलिअँपिअर, म्हणजे ७००० मायक्रोअँपिअर! त्यातले ५ एएमएस१११७ रेग्युलेटर (सेलचा व्होल्टेज बोर्डापुरता स्थिर करणारा भाग) एकटाच पीत होता, बाकीचे बोर्डावरचा लाल एलईडी. रोजचे १६८ एमएएच गेल्यावर २५०० चा सेल किती दिवस पुरणार? शिवाय ३.३ व्होल्ट द्यायला या रेग्युलेटरला इनपुटला साधारण १ व्होल्ट जास्त लागतो, आणि लिथियम सेल पूर्ण भरलेला असतानाही ४.२ चाच असतो.

आता मी लोरा (रेडिओने दूरवर रीडिंग पाठवणाऱ्या) बोर्डावर एमसीपी१७०० हा स्वतः जेमतेम करंट पिणारा रेग्युलेटर लावतो आणि एलईडी काढून टाकतो. मोजताना मीटरच्या दोन्ही टोकांवर एक वायर आडवी जोडून ठेवतो, नाहीतर मायक्रोअँपिअर रेंजवर बोर्ड जागा होतानाच रीसेट होतो. बोर्ड झोपला की वायर काढून आकडा बघतो. तो बघितल्याशिवाय डबा बंद करत नाही. ही पाच मिनिटं वाचवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण पुढे हेलपाटे शेतकऱ्याला पडतात.

सेन्सरची पट्टीही सतत चालू ठेवू नका. मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) रीडिंगपुरती चालू करा, तासाला एकदा पुरे. माती मिनिटामिनिटाला सुकत नाही.

दोन दांड्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर (मातीतून वीज सोडून ओल मोजणारा) घेऊच नका, गंजतो. कपॅसिटिव्ह पट्टीच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा, तिथूनच पाणी शिरतं.

काळ्या मातीत पट्टी वरून ठोकणं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की आपली काळी माती फाटते, आणि भेग नेमकी पट्टीला लागून पडते. कपॅसिटिव्ह पट्टी ओल ओळखते ती डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून (पदार्थ विद्युत ऊर्जा किती साठवतो त्याचं माप): पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. पट्टीला हवा लागली की वीतभर अंतरावर ओल असूनही रीडिंग ठणठणीत कोरडं येतं, आणि बागेला नको तेव्हा पाणी सुटतं. ग्लासभर पाण्यात बुडवून केलेलं कॅलिब्रेशन (रीडिंगचा खऱ्या ओलीशी मेळ घालणं) इथे कामाचं नाही. त्याच शेतातल्या मातीत रीडिंग घेऊन ती ओली तोला, १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा तोला, आणि असे चार-पाच बिंदू घ्या.

मी फूटभर खड्डा खणून पट्टी न हललेल्या भिंतीत आडवी सरकवतो. आधी तिला त्याच मातीचा चाळलेला चिखल फासतो. माती निघाली त्याच थराने परत भरतो, आणि एक ओलित (पाणी देणं) झाल्यावरच रीडिंग धरतो.