परदेशात मुलांच्या होममध्ये व्हॉलंटियरिंगला जायचंय? तिकीट काढायच्या आधी एवढं करा

मला कोणी सांगितलं की पंधरा दिवस सुट्टी आहे, तिकडे अनाथाश्रमात जाऊन मुलांबरोबर राहणार, तर मी पहिलं विचारते की त्या मुलांना आईबाप आहेत का? बहुतेकांनी चौकशीच केलेली नसते. मीही केली नव्हती, फोटो बघितले आणि फॉर्म भरून टाकला.

तर पहिलं काम हे. संस्थेला मेल टाका आणि सरळ विचारा की मुलं इथे कशी आली, कोणी आणून सोडली, घरच्यांशी भेट होते का, परत घरी पाठवायचं काही चालू आहे का. कारण अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी जण जिवंत असतो, गरिबीपायी नाहीतर शाळा मिळेल या आशेने पोराला पाठवलेलं असतं. आणि पाहुणे पैसे देतात म्हटल्यावर मुलं गोळा करणारेही तयार होतात. कंबोडियाबद्दल युनिसेफचा २०११ चा रिपोर्ट आहे, त्यात २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अशा संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्याचं दिलंय, अनाथ मुलं काही तेवढी वाढली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेसुद्धा डिसेंबर २०१९ च्या ठरावात या अनाथाश्रम टुरिझमचा विषय घेतलाय. त्यामुळे उत्तर गोलमोल आलं की नाव काटून टाका, वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी परीक्षा उलटी आहे, ते तुम्हाला काय विचारतात ते बघा. चांगली संस्था तुम्हाला वैताग आणते, म्हणजे पोलीस क्लिअरन्स मागणार, आधीच्या कामाच्या ठिकाणी फोन करणार, व्हिडिओ कॉलवर मुलाखत, मुलांच्या सुरक्षेच्या नियमांवर सही, आणि कमीत कमी अमुक महिने तरी या म्हणणार. जिथे फक्त पासपोर्टची कॉपी आणि फी भरल्याची पावती पुरते तिथे उद्या कोणीही येऊ शकतो, हे डोक्यात ठेवा. फीचा हिशोबही मागा, किती एजन्सीचे आणि किती होमचे. मी मागितला तेव्हा आमच्या एजन्सीवाल्यांनी नुसती हसरी इमोजी पाठवली होती!

व्हिसाचं नीट बघा. पगार नाही म्हणजे काम नाही असं आपल्याला वाटतं पण बऱ्याच देशांत फुकट केलेलं कामही कामच धरतात, नेपाळमध्येसुद्धा टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरिंग चालत नाही. एजन्सी म्हणेल "सगळे असेच येतात", तुम्ही एम्बसीलाच विचारा. लसींसाठी निघायच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जा, इन्शुरन्स काढा, बास.

आता काम कुठलं घ्यायचं. माझं मत विचाराल तर मुलांना सांभाळायचं काम घेऊच नका, विशेषतः महिन्याभराकरता जात असाल तर. तिथे पोचल्यावर पाचव्या मिनिटाला सहा-सात वर्षांची एक मुलगी येऊन माझ्या मांडीवर बसली, मला वाटलं काय लळा लागला बघा, आणि तिने नाव विचारायच्या आधी मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, किती दिवस? मी म्हटलं तीन आठवडे. तिने मान हलवली आणि माझ्या घड्याळाशी खेळायला लागली. सतत माणसं बदलत राहिली की मुलं अशी कोणाच्याही गळ्यात पडतात, आणि ते लक्षण काही चांगलं नाही हे मला नंतर तिथल्याच मावशींनी सांगितलं. म्हणून असं काम मागा जे मागे राहील: हिशोबाची एक्सेल शीट लावून देणं, नळ-वायरिंग, तिथल्या शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवणं. मुलांचं करणारी माणसं तिथलीच आणि कायमची हवीत, तुम्ही त्यांचा भार हलका करा.

राहताना मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकायचे नाहीत, लोकेशन तर नाहीच. गिफ्ट आणलंच तर ऑफिसात द्या, एकाच लाडक्याला गुपचूप चॉकलेट नको. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, "परत येईन" हे तोंडातून काढायचं नाही. पाहुण्यांसमोर रोज मुलांना नाचवतात, खायला नीट नाही, मारतात असं काही दिसलं तर तिथे भांडू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि त्या देशाच्या बालसंरक्षण खात्याला कळवा.

जायची तारीख मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत पाहिजे, कॅलेंडरवर लिहून. आणि बॅग त्यांच्यासमोर भरू नका. मी भरली होती. ती मुलगी येऊन शेजारी बसली, रडली वगैरे नाही, कोणी न सांगता माझे टीशर्ट एकेक घेऊन घडी घालून द्यायला लागली, इतक्या सफाईने की लगेच कळत होतं, हे ती पहिल्यांदा करत नाहीये.