हाती भांडवल कमी असताना मोठे घर कसे घ्यावे

वन-बीएचके विकून मोठ्या घरात जायचे असेल, तर सध्याच्या घराची किंमत नव्हे, तर कर्ज फेडल्यानंतर हातात उरणारी रक्कम आधी कागदावर मांडावी. समजा, नवी मुंबईच्या घणसोलीतील घर ७० लाखांना विकले जाते आणि बँकेचे ५५ लाख बाकी आहेत. म्हणजे दलाली वगैरे खर्च न धरताही आपले खरे भांडवल १५ लाखांचेच आहे. आता ९० लाखांचे घर पाहिले, तर ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ७२ लाख देते; उरलेल्या १८ लाखांवर घराच्या किमतीच्या ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ६ लाख ३० हजार आणि नोंदणीचे ३० हजार चढतात आणि हे दोन्ही खर्च सहसा कर्जात धरले जात नाहीत. हातातील १५ लाख वजा केले, तरी तूट साडेनऊ लाखांवर जाते.

घर केवळ पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे येथे ९० हजार वाचतात. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते. वैयक्तिक कर्जाने तूट भरणे मात्र टाळावे, कारण दोन कर्जांचे हप्ते भरताना घरखर्चाची ओढाताण होते. त्यापेक्षा नवी मुंबईतच उलवे किंवा कळंबोलीकडे स्वस्त घर पाहणे शहाणपणाचे.

सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) भाडेपट्ट्यावरील इमारतीत घर नावावर करण्याचे हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे टोकन म्हणजे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लेखी ठरवावे. जुन्या घराचा ग्राहक पक्का झाल्याशिवाय नव्या घराचे टोकन देऊ नये.