छोट्या सभागृहात जुने आणि स्वतंत्र चित्रपट कसे दाखवावेत

मी पहिल्यांदा एक जुना कृष्णधवल चित्रपट दाखवला, तेव्हा पडद्यावरची सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसत होती. चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी होती आणि प्रोजेक्टरने ती ताणून रुंद पडदाभर पसरवली होती. माझ्या लक्षात यायला वीस मिनिटं गेली. सभागृहात साठएक माणसं होती, पण कोणी काही बोललं नाही. जुने चित्रपट असेच दिसत असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मला तेच फार लागलं. दाखवणाऱ्याची चूक प्रेक्षक चित्रपटाच्या नावावर लिहितो. आवाज फुटला तर ‘ध्वनिमुद्रण वाईट होतं’, चित्र अंधुक आलं तर ‘छायाचित्रण जुनाट होतं’. म्हणून नाट्यगृहाच्या तालीम हॉलमध्ये, ग्रंथालयात किंवा कलादालनात खेळ लावायचा असेल, तर चित्रपट निवडून झाल्यावरच खरं काम सुरू होतं.

आधी परवानगी

तारीख ठरवण्याआधी, पोस्टर करण्याआधी, हक्कांचं बघा. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा ब्लू-रे घरी पाहण्यासाठी असते, आणि स्ट्रीमिंगची वर्गणीही सहसा खासगी वापरापुरतीच असते. चार लोकांना बोलावून सभागृहात दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, मग तिकीट असो वा नसो. ‘आम्ही फुकट दाखवतोय’ हे कारण बहुतेक ठिकाणी चालत नाही.

हक्क कोणाकडे आहेत हे शोधणं हेच जुन्या चित्रपटाच्या बाबतीत सगळ्यात किचकट काम. निर्मितीसंस्था बंद पडलेली असते, हक्क वारसांकडे गेलेले असतात किंवा दोन-तीनदा विकले गेलेले असतात. चित्रपट नव्याने डिस्कवर आला असेल, तर तिच्या वेष्टनावरच्या वितरकापासून सुरुवात करा. एखाद्या महोत्सवात नुकताच दाखवला गेला असेल, तर त्या महोत्सवाच्या कार्यक्रमपुस्तिकेत ‘प्रिंट कुठून आली’ ते छापलेलं असतं. माझी निम्मी पत्रं मी तिथून पत्ता घेऊन पाठवली आहेत. चित्रपट संग्रहालयांना जरूर लिहा. त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३८ पासून आहे आणि तिथली माणसं मनापासून मदत करतात. मात्र एक फरक नीट लक्षात ठेवा: संग्रहालयाकडे प्रिंट असते म्हणजे हक्क असतातच असं नाही. प्रत एकाकडून आणि परवानगी दुसऱ्याकडून, असं बऱ्याचदा होतं.

‘हा चित्रपट आता हक्कमुक्त आहे’ हे ऐकीव माहितीवर मानू नका. मुदत देशागणिक बदलते. शिवाय मूळ मूकपट हक्कमुक्त झालेला असला, तरी त्याला अलीकडे दिलेलं संगीत किंवा नवी सबटायटल्स कोणाच्या तरी मालकीची असतात.

स्वतंत्र चित्रपटाचं उलट. तिथे बहुधा दिग्दर्शकालाच थेट लिहिता येतं आणि उत्तरही येतं. मानधन आपणहून विचारा, ते लहान असलं तरी. ‘तुमचा चित्रपट लोकांपर्यंत पोहोचेल’ एवढ्यावर बोळवण करू नका. ज्याने स्वतःच्या पैशाने चित्रपट केला, त्याला हे वाक्य शंभर वेळा ऐकवलेलं असतं.

पत्रात पहिल्याच वेळी सगळं लिहा: तारीख, जागा, किती खुर्च्या, किती खेळ, तिकीट आहे की प्रवेश मोफत, कोणत्या स्वरूपात प्रत हवी, कोणत्या भाषेची सबटायटल्स हवीत, पोस्टर आणि छायाचित्रं वापरायची परवानगी आहे का. होकार लेखी घ्या. स्थानिक प्रशासनाची परवानगी किंवा चित्रपटाचं प्रमाणपत्र लागतं का, हेही याच टप्प्यावर विचारून ठेवा. या सगळ्याला दोन महिने धरा.

जागा पाहायला दिवसा जा

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला, तो एका कॅफेच्या तळघरात. तेव्हा चित्रपटगृह नाही म्हणून अडायचं कारण नाही. अंधार मात्र हवाच. रात्री सगळ्याच खोल्या अंधाऱ्या वाटतात, म्हणून जागा भर दुपारी पाहा. कुठल्या फटीतून उजेड येतो, पडद्यासमोरची भिंत पांढरी आहे का, बाहेर जाण्याच्या दारावरचा दिवा पडद्यावर पडतो का. तो दिवा झाकायचा नाही, पडदाच सरकवायचा. सुरक्षेचे दिवे आणि वाटा मोकळ्या राहिल्याच पाहिजेत.

बहुतेक कलादालनांची जमीन सपाट असते. तिथे पुढच्याचं डोकं मागच्याच्या सबटायटलवर येतं, आणि परभाषेतला चित्रपट असेल तर खेळ तिथेच संपतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर घ्या आणि खुर्च्या एकाआड एक सरकवून लावा, म्हणजे प्रत्येकाला पुढच्या दोघांच्या मधून दिसेल. शेवटची रांग पडद्याच्या रुंदीच्या दुपटीच्या आसपास असेल तर चित्र डोळ्यात भरतं. तिपटीच्या पलीकडे खुर्च्या टाकू नका. दहा माणसं कमी बसली तरी चालेल.

प्रत कोणती

डीसीपी म्हणजे चित्रपटगृहांसाठीची डिजिटल प्रत. दर्जा उत्तम, पण ती साध्या लॅपटॉपवर सहज चालत नाही. तिला बहुधा कुलूप असतं आणि त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक यंत्रापुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. किल्ली मागताना ती आदल्या दिवसापासून सुरू होईल अशी मागा, नाहीतर तालीमच करता येणार नाही. छोट्या सभागृहासाठी ब्लू-रे किंवा चांगली व्हिडिओ फाइल पुरेशी असते. फाइल मिळाली की ती पेनड्राइव्हवरून चालवू नका, यंत्रावर उतरवून घ्या, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. इंटरनेटवरून थेट चालवण्याचा मोह कितीही झाला तरी नको.

डीव्हीडी शेवटचा पर्याय. तीत तपशील कमी असतो हे दिसतंच, पण आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. बोलपट सेकंदाला २४ चौकटींच्या, म्हणजे २४ सुट्या चित्रांच्या, गतीने चालतो आणि पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ च्या गतीने चढवलेला असतो. म्हणजे शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही चढते. गाणं असलेल्या चित्रपटात तयार कानाच्या माणसाला ते टोचतं.

मूकपटांना एकच ठरलेली गती नव्हती. सेकंदाला १६ ते २४ चौकटींच्या दरम्यान ती बदलत असे. जुन्या मूकपटातली माणसं तुरूतुरू पळताना दिसतात, ती अनेकदा कमी गतीने घेतलेलं चित्रण पुढे २४ च्या गतीने दाखवल्यामुळे. म्हणून गती सुधारलेली, जतन करून नव्याने तयार केलेली प्रत मागा. आणि जमलं तर मूकपटासोबत एखादा वादक बसवा. त्याला आठवडाभर आधी चित्रपट पाहायला द्या. मूकपटाचा खेळ असा व्हायचा, हे प्रेक्षकाला मग सांगावं लागत नाही.

चौकट, उजेड आणि आवाज

चौकटीचं प्रमाण आधी शोधून ठेवा. १९३२ मध्ये हॉलीवूडमध्ये प्रमाण ठरलं ते १.३७:१, म्हणजे उंचीच्या जेमतेम सव्वा-दीड पट रुंदी. १९५३ मध्ये सिनेमास्कोप ही रुंद चित्राची पद्धत आल्यावर पडदे रुंद होत गेले आणि १.८५ व २.३५च्या आसपासची प्रमाणं रूढ झाली. प्रोजेक्टरच्या मेनूमध्ये ‘फुल’, ‘वाइड’, ‘झूम’ असे पर्याय असतात. त्यातला कुठलाही पर्याय चौकट ताणत किंवा कापत नाही ना, हे पाहायचं. सोपी परीक्षा अशी की चित्रपटातलं एखादं चाक, घड्याळ किंवा ताटली शोधा. समोरून घेतलेलं वर्तुळ पडद्यावरही वर्तुळ दिसलं पाहिजे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना उरलेला पांढरा पडदा काळ्या कापडाने झाका. एवढ्या एका गोष्टीने चित्र किती गडद आणि नेमकं दिसू लागतं, ते प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळेल.

प्रोजेक्टरच्या ताकदीचा हिशेब कागदावर करता येतो. चित्रपटगृहाच्या पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड असावा असं मानक आहे. तुमचा पडदा १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच असेल, तर क्षेत्रफळ ८१ चौरस फूट. ८१ गुणिले १४, म्हणजे साधारण ११३४ ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पडद्यावर पोहोचायला हवेत. खोक्यावर छापलेला आकडा सर्वांत भडक सेटिंगचा असतो; रंग नीट दिसणाऱ्या ‘सिनेमा’ सेटिंगमध्ये तो बराच खाली येतो आणि दिवा जुना झाला की आणखी. म्हणून भाड्याने घेताना २५०० ते ३००० ल्युमेनचा मागा. त्याहून फार मोठा मागवला तर काळा रंग राखाडी दिसतो. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर समोर ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने, म्हणजे वाकडी चौकट सरळ करणाऱ्या सेटिंगने, ती सरळ केली, तर चित्राचा धारदारपणा जातो.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. प्रोजेक्टरमधला स्पीकर सभेच्या स्लाइडसाठी असतो, चित्रपटासाठी नाही. जुने चित्रपट बहुतेक मोनो असतात, म्हणजे एकच ध्वनी, मधून येणारा. दोन बाजूंच्या दोन स्पीकरवर तो लावला, तर कडेला बसलेल्याला संवाद भिंतीतून आल्यासारखे वाटतात. अशा चित्रपटाला पडद्याच्या मध्याशी, खाली किंवा वर, एक चांगला स्पीकर पुरतो. सर्वांत हळू संवादाचा प्रसंग लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसा, मग सर्वांत मोठ्या आवाजाचा प्रसंग लावून पहिल्या रांगेत. भरलेलं सभागृह आवाज शोषून घेतं, त्यामुळे खेळाच्या वेळी तालमीपेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो.

आदला दिवस आणि खेळ

संपूर्ण चित्रपट त्याच यंत्रावर, त्याच केबलने, त्याच पडद्यावर एकदा चालवून बघा. दहा मिनिटं पाहून ‘चालतंय’ म्हणू नका. सबटायटल्स पुढेमागे होऊ लागतात ती तासाभरानंतर. लॅपटॉपचं इंटरनेट बंद, सूचना बंद, झोपी जाण्याची सेटिंग बंद, चार्जर जोडलेला. केबल जमिनीला चिकटपट्टीने बसवून टाका.

प्रसिद्धीसाठी लांबलचक मजकूर लागत नाही. नाव, दिग्दर्शक, वर्ष, भाषा, सबटायटल्स कोणत्या, किती मिनिटांचा, आणि हा चित्रपट का निवडला याची दोन वाक्यं. ती दोन वाक्यं मात्र तुमची असू द्या.

प्रास्ताविक पाच मिनिटांत संपवा. कथा सांगू नका, शेवटाकडे इशाराही नको. कोणत्या परिस्थितीत चित्रपट झाला, पाहताना कशाकडे कान किंवा डोळे ठेवावेत, एवढं पुरे. जाहीर केलेल्या वेळी सुरू करा. मध्यंतर दिग्दर्शकानेच ठेवलं असेल तरच घ्या. कोणीतरी एक जण खेळभर यंत्रापाशी बसलेला हवा, आणि तो तुम्हीच असाल तर चित्रपट दिसणार नाही हे मनाशी धरून बसा.

श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत दिवे लावू नका. नंतर दोन-तीन मिनिटं कोणालाच बोलायला लावू नका. लोकांना चित्रपटातून बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. चर्चेला ‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी एखाद्या प्रसंगावर बोट ठेवा: ‘ती दार उघडते तेव्हा कॅमेरा बाहेरच का थांबतो?’ मग हात वर होतात. कोणाला चित्रपट आवडला नसेल तर त्याला आधी बोलू द्या.

सगळे गेल्यावर, केबल गुंडाळण्याआधी, वहीत नोंद करा: कोणती प्रत, चौकटीचं प्रमाण, प्रोजेक्टरची सेटिंग, आवाज कितीवर होता, किती माणसं आली, मधेच किती उठून गेली आणि कोणत्या प्रसंगाला. पुढच्या खेळाची तारीख त्याच पानावर लिहून ठेवा.