मोठी टूरिंग गाडी सोडून लहान मोटारसायकल घेताना या चुका टाळा

वजन पेलवेनासे झाले म्हणून मोठी टूरिंग (लांबच्या प्रवासाची) मोटारसायकल विकणाऱ्यांची पहिली चूक शोरूममध्येच होते, ती म्हणजे तक्त्यातला किलोंचा आकडा पाहून निर्णय घेणे. होंडाची गोल्ड विंग टूर साधारण ३८० किलोंची, तर रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोंची, म्हणजे भार जवळजवळ निम्मा. पण पहिलीच्या सीटची उंची ७४५ मिमी आहे आणि दुसरीची, नेहमीच्या सीटवर, किमान ८२५ मिमी. सिग्नलला पाय टेकवण्याची ज्याला धास्ती होती, त्याची अडचण या अदलाबदलीत वाढण्याचीच शक्यता अधिक. जुन्या गाडीवर नेमके काय जड जात होते, साइड स्टँडवरून ती सरळ करणे, उतारावर लावलेली मागे ओढणे की टाच टेकवणे, हे आधी ठरवावे आणि नेहमीचे बूट घालून तीच कृती नव्या गाडीवर करून पाहावी. गोल्ड विंग टूरला रिव्हर्सची सोय असते, लहान गाडी मात्र स्वतःच ढकलावी लागते.

दुसरी चूक हाताच्या सवयीची आहे आणि ती मीही केली. मोठे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवरही निमूटपणे ओढत असल्यामुळे आपण लवकर वरचा गियर टाकण्यास सरावलेले असतो. तीच सवय लहान एक-सिलिंडर गाडीवर नेली की चढावर टाकी थरथरते, चेन खडखडते, आरसे धूसर होतात आणि आपण इंजिनात बिघाड शोधू लागतो. वास्तविक, हिमालयनचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ५,५०० फेऱ्यांना मिळतो; अशा वेळी थ्रॉटल आणखी पिळण्याऐवजी एक-दोन गियर खाली यावे. वाढलेला आवाज सुरुवातीला छळल्यासारखा वाटतो, पण इंजिनाला त्रास होतो तो कमी फेऱ्यांवर रेटल्याने.

सर्वांत महागात पडणारी चूक सामानाची आहे. जुना टॉप बॉक्स (सीटमागची पेटी), दोन्ही बाजूंच्या पेट्या, जादा दिवे आणि मागे सोबती असे सगळे चढवले की कमी केलेले वजन परत येते, आणि तेही बरेचसे मागच्या चाकाच्या वर किंवा मागे, उंचावर. हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जाऊ लागला, हँडल हलके वाटू लागले किंवा वेग वाढताच ते डुलू लागले, तर टायर बदलण्याआधी टॉप बॉक्स रिकामा करून पाहावा. त्यानंतर मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवावा, आणि टायरमधील हवा जुन्या गाडीच्या आकड्याने न भरता नव्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे भरावी. कॅरियरवर किती किलो चालतात हेही त्याच पुस्तिकेत दिलेले असते आणि तो आकडा बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो.

‘ब्रेक कमी लागतात’ ही तक्रारही पुष्कळदा सवयीतून येते. संयुक्त ब्रेक असलेल्या गाडीत पायाने दाबल्यावर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. लहान गाडीत बहुधा पाय फक्त मागचे चाक धरतो, त्यामुळे पुढचा ब्रेक बोटांनी वापरण्याचा सराव रिकाम्या मैदानात मुद्दाम करावा लागतो.

चेनऐवजी शाफ्टने (दांड्याने) मागचे चाक फिरवणाऱ्या गाडीवरून आलेल्यांना चेनचा विसर पडतो. दर ५०० किमीच्या आसपास तिला वंगण द्यावे, पावसात भिजल्यास त्याच संध्याकाळी. आणि ताण तपासताना चाक फिरवून सर्वांत घट्ट जागी मोजावा.