घरबसल्या जपानचे ऋतू ओळखताना

ज्यांना जपानच्या संस्कृतीची मनापासून ओढ आहे, पण तेथे जाणे घडण्यासारखे नाही, त्यांनी सर्व काही एकदम जाणून घेण्याचा हव्यास न धरता एकच धागा वर्षभर धरून ठेवावा. त्यासाठी तेथील जुन्या ऋतुगणनेइतका चांगला धागा मला दुसरा दिसत नाही.

या गणनेत सौर वर्षाचे २४ भाग आणि त्या प्रत्येकाचे तीन, असे ७२ छोटे ऋतू मानतात. प्रत्येक ऋतू सुमारे पाच दिवसांचा असून त्याचे नाव म्हणजे एक निरीक्षणच असते. फेब्रुवारीच्या आरंभी ‘पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो’, मार्चच्या अखेरीस ‘साकुरा (चेरीचा फुलोरा) प्रथम उमलतो’, तर जूनच्या मध्यावर ‘कुजलेल्या गवताचे काजवे होतात’. मूळ मांडणी चीनची. सतराव्या शतकात शिबुकावा शुन्काई या ज्योतिर्विदाने ती जपानच्या हवामानाशी जुळवून घेतली. १८७३ पासून तेथे ग्रेगोरियन दिनदर्शिका चालते, त्यामुळे ही नावे प्रत्येक जपानी माणसाला पाठ असतील अशी अपेक्षा ठेवू नये.

एक जाड वही घ्यावी आणि दर पाच दिवसांना एक पान द्यावे. डावीकडे ऋतूचे जपानी नाव व अर्थ लिहावा, उजवीकडे त्याच दिवसांत आपल्या परिसरात जे दिसले ते. काजव्यांचे पान येईल तेव्हा आपल्याकडे मृग लागलेला असतो, आणि सह्याद्रीत काजवे त्याच सुमारास दिसतात. मृगही सूर्याच्या गतीवरूनच ठरतो. हे साम्य पाहून हरखून जाणे स्वाभाविक आहे, मात्र दोन्ही बाजू एक करू नयेत. तेथील या दिवसांतल्या पावसाला ‘त्सुयु’ म्हणतात, आणि ते ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘उमे (आलुबुखारासारखे एक फळ) फळाचा पाऊस’ असा होतो, कारण ती फळे तेव्हा पिकतात. आपल्या मृगाच्या सरीत पेरणीची घाई असते. डावी बाजू डावीकडेच राहू द्यावी.

मार्चमध्ये साकुराच्या बातम्यांवर लक्ष ठेवावे. तोक्योतील यासुकुनी देवस्थानाच्या आवारातील ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उमलली, की हवामान खाते शहरात बहर सुरू झाल्याचे जाहीर करते; पुढे हा बहर उत्तरेकडे सरकत होक्काइदो या उत्तरेच्या बेटापर्यंत पोहोचायला एप्रिलची अखेर किंवा मे उजाडतो. नकाशावर या तारखा स्वतःच्या हाताने मांडाव्यात.

दुसऱ्या वर्षी नवी वही घेऊ नये. त्याच पानांवर, जुन्या नोंदींच्या खाली, नवी तारीख घालून लिहावे.