प्रवासातल्या व्हिडिओसाठी कॅमेरा घेताना आधी चौकट मोजा, मग लेन्स ठरवा

प्रवासात फोटो आणि व्हिडिओ दोन्ही घ्यायचे असतील तर कोणता कॅमेरा घ्यावा, असे मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असते. मी बॉडीचे नाव सांगत नाही, आधी तुम्हाला कुठे उभे राहून काय टिपायचे आहे ते विचारतो. बॉडी तीन-चार वर्षांत बदलते, लेन्स मात्र दहा वर्षे सोबत राहते, आणि तरीही बहुतेक जण पैशाचा मोठा वाटा बॉडीवर घालून उरलेल्या पैशांत मिळेल ती लेन्स घेतात. हा क्रम उलटा आहे. शटर स्पीड, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मिररलेस कॅमेरा घ्यायचे ठरले आहे, असे धरून पुढे लिहितो.

पहिली पायरी: फोनमधले जुने फोटो पाहा

मागच्या दोन प्रवासांतले फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या तपशिलात दिसणारी फोकल लेंग्थ वाचा. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेमच्या (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरचा असतो. तुम्ही वारंवार ०.५ वर जात असाल तर तुमची गरज रुंद लेन्सची आहे, आणि सतत दुप्पट-तिप्पट झूम करत असाल तर लांब लेन्सची.

दुसरी पायरी: सेन्सरचा आकार

प्रवासासाठी एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा, घ्या. फुल-फ्रेमवर चित्र अंधारात स्वच्छ येते हे खरे आहे, पण वजन लेन्समध्ये असते, बॉडीमध्ये नव्हे. एपीएस-सीसाठीची सिग्मा १८-५० एफ २.८ सुमारे २९० ग्रॅमची आहे, तर फुल-फ्रेमवर जवळपास तेच काम करणारी सोनीची २४-७० एफ २.८ जीएम टू ६९५ ग्रॅमची. हरिश्चंद्रगड चढताना खांद्यावरचा हा फरक दर तासाला वाढत जातो, आणि जड कॅमेरा पाठपिशवीत गेला की तो बाहेर निघत नाही.

तिसरी पायरी: व्हिडिओमध्ये खरोखर किती दिसते ते मोजा

इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून इथे थांबून सविस्तर लिहितो.

कोकणात आजोळी मामीच्या स्वयंपाकघरात मला घावन घालतानाचे चित्रण करायचे होते. मामी पाटावर, समोर चूल, चुलीवर बिडाचा तवा, आणि मी दीड मीटरवर भिंतीला पाठ टेकून उभा. हातात नवा एपीएस-सी कॅमेरा आणि सोबत मिळालेली १८ मिलिमीटरपासून सुरू होणारी लेन्स. दुकानात याच लेन्सने समोरचा माणूस आणि टेबल आरामात मावले होते. इथे फोर-के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीचा व्हिडिओ) आणि स्थिरीकरण सुरू केले आणि चौकट एकदम आखडली. नारळाच्या शेंडीने तव्याला तेल लावणारा हात दिसायचा तेव्हा मामीचा चेहरा कापला जायचा, आणि चेहरा घेतला की तवा चौकटीबाहेर जायचा. मागे सरकायला जागा नव्हती. माझ्यासाठी तिने तीनदा पीठ ओतले, आणि तिन्ही वेळा मला चेहरा आणि हात एकत्र मिळाले नाहीत.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कारण कळले. चौकटीची रुंदी काढण्याचे सूत्र सोपे आहे: अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणायचे आणि फोकल लेंग्थने भागायचे. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर, कॅननच्या एपीएस-सीची सुमारे २२.३, फुल-फ्रेमची ३६ आणि मायक्रो फोर थर्ड्सची १७.३ असते. लक्षात ठेवायला आणखी सोपी खूण म्हणजे फोकल लेंग्थ सेन्सरच्या रुंदीइतकी असली की जितके अंतर तितकीच रुंदी दिसते. एपीएस-सीवर २४ मिलिमीटर लावून दोन मीटरवर उभे राहिलात तर समोरचे साधारण दोन मीटर दिसतील.

१८ मिलिमीटरवर, दीड मीटरवरून, फोटोमध्ये १.९६ मीटर रुंद आणि १.३० मीटर उंच भाग दिसतो. व्हिडिओची चौकट सोळास नऊ असल्यामुळे उंची आधीच १.१० मीटरवर येते. माझा कॅमेरा फोर-केमध्ये सेन्सरचा मधला भागच वापरत होता, त्याने चौकट १.२ पटीने आखडली. कडा कापून हादरे लपवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाने त्यावर आणखी तितकीच कात्री लावली. दोन्ही मिळून १.४४ पट. उरले १.३६ मीटर रुंद आणि सुमारे ७७ सेंटिमीटर उंच. पाटावर बसलेल्या बाईचा चेहरा आणि चुलीवरचा तवा ७७ सेंटिमीटरमध्ये मावत नाहीत. मला १८ नव्हे, साडेबारा मिलिमीटरची लेन्स हवी होती.

हा घोळ आकड्यांच्या तक्त्यांत दिसत नाही, कारण ही काटछाट मॉडेलनुसारच नव्हे तर मोडनुसार बदलते. सोनीचा २०१९ चा ए६४०० फोर-केमध्ये सेकंदाला २५ फ्रेमवर सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो, पण ३० फ्रेमवर सुमारे १.२ पट कापतो. कॅननचा २०२२ चा ईओएस आर१० फोर-केला ३० फ्रेमपर्यंत पूर्ण रुंदी देतो आणि ६० फ्रेमवर सुमारे १.५६ पट कापतो. सेकंडहँड बाजारात अजूनही भरपूर मिळणारा कॅननचा २०१८ चा एम५० फोर-केमध्ये जवळपास तितकेच कापतो आणि त्याची चांगली ड्युअल पिक्सेल फोकस यंत्रणाही त्या मोडमध्ये बंद होते. हे ठाऊक नसताना नुसता ‘फोर-के’ शब्द वाचून पैसे भरू नका.

तेव्हा दुकानात जाताना खिशात मेजरटेप आणि चिकटपट्टी घेऊन जा. टेप भिंतीवर आडवी चिकटवा, दोन मीटरवर उभे राहा आणि फोटो मोडमध्ये टेपचा किती भाग दिसतो ते लिहून घ्या. मग तुम्ही प्रत्यक्षात वापरणार आहात तोच व्हिडिओ मोड, तीच फ्रेमसंख्या आणि तेच स्थिरीकरण सुरू करून पुन्हा वाचा. फोटोत २६१ सेंटिमीटर आणि व्हिडिओत १८१ दिसले तर काटछाट १.४४ पट आहे. तुम्हाला जी फोकल लेंग्थ हवी वाटते तिला या आकड्याने भागा, आणि त्या लेन्सची चौकशी करा. विक्रेता कंटाळला तरी चालेल. ही दहा मिनिटे तुमची आहेत आणि पैसेही तुमचेच आहेत.

मोजलेल्या चौकटीतले दहा टक्के तरी नसल्यासारखे धरा, कारण संपादनात क्षितिज सरळ करताना कडा कापाव्याच लागतात. शिवाय काही लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करताना चौकट लहान-मोठी करतात. याला फोकस ब्रीदिंग म्हणतात, आणि फोटोत ते कधीच लक्षात येत नाही, पण तव्यावरून चेहऱ्याकडे फोकस सरकताना सगळे स्वयंपाकघर श्वास घेत असल्यासारखे दिसते. म्हणून दुकानातच हाताच्या अंतरावरून भिंतीकडे फोकस नेऊन पाहा.

स्थिरीकरणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सेन्सर स्वतः हलून स्थिर राखणारी बॉडी किंवा लेन्समधले स्थिरीकरण घ्या, कारण त्यात चौकट कापली जात नाही, आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण शक्यतो बंद ठेवा. मात्र फार रुंद लेन्स लावून चालत चित्रण केले तर सेन्सरच्या स्थिरीकरणात चौकटीचे कोपरे जेलीसारखे डुलतात. यावर गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची मूठ) घ्या असा सल्ला सर्रास मिळतो. प्रवासात गिंबल नेऊ नका. एका जागी उभे राहा, कोपरे अंगाला चिकटवा, श्वास सोडा आणि दहा सेकंद घ्या. संपादनाला बसाल तेव्हा चालत घेतलेले बहुतेक तुकडे टाकून द्याल आणि हे दहा-दहा सेकंदांचे तुकडे वापराल.

सोनीच्या एपीएस-सीवर आज मी टॅमरॉनची ११-२० एफ २.८ किंवा सोनीची १०-२० एफ ४ सुचवतो. पहिली ३३५ ग्रॅमची आणि एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड घेणारी, दुसरी अवघ्या १७८ ग्रॅमची आणि बोटाने हळुवार झूम होणारी. जोडीला १८-५० किंवा टॅमरॉनची १७-७० एफ २.८, जिच्यात स्थिरीकरण आहे पण वजन ५२५ ग्रॅम आहे. या दोन लेन्समध्ये गल्ली, घर, देऊळ, डोंगर आणि माणसांचे चेहरे सगळे येते. एकच १८-२०० घेऊन मोकळे व्हा असे सांगणाऱ्यांनी संध्याकाळच्या उजेडात लांबच्या टोकाला, एफ ६.३ वर, चित्रण करून पाहावे.

चौथी पायरी: उजेड

फोटोत स्थिरीकरण उजेडाची उणीव भरून काढते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला परवानगी नाही, पण चित्रे हलत नसल्यामुळे हात स्थिर ठेवून अष्टमांश सेकंदालाही फोटो निघतो. व्हिडिओत ही सोय नाही, कारण सेकंदाला २५ फ्रेम घेताना हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर एक पन्नासांश सेकंदावरच ठेवावा लागतो. तिथे उपयोगी पडते फक्त मोठे अ‍ॅपर्चर. एफ ५.६ ऐवजी एफ २.८ म्हणजे दोन स्टॉप, म्हणजेच आयएसओ ६४०० ऐवजी १६००. झूम लेन्स असेल तर सर्व टोकांना एफ २.८ किंवा एफ ४ कायम राहील अशीच घ्या, नाहीतर झूम करताना चित्र मध्येच काळवंडते.

याचा अर्थ एफ १.४ वर मागचे सगळे विरघळवून टाकावे असा नाही. मागे गड आहे, बाजार आहे, समुद्र आहे, आणि त्यासाठीच आपण तिथवर गेलो आहोत. माणूस आणि जागा दोन्ही ओळखू आली पाहिजेत.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मेनूमध्ये पाल (५० हर्ट्झच्या देशांसाठीची व्हिडिओ पद्धत) निवडा आणि २५ किंवा ५० फ्रेमच ठेवा. ३० फ्रेम आणि एक साठांश सेकंदावर देवळातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात, आणि ते नंतर नीट काढता येत नाहीत.

पाचवी पायरी: एनडी फिल्टर

कडक उन्हात आयएसओ १०० ला योग्य उजेड साधारण एफ १६ आणि एक शतांश सेकंदाला मिळतो. तुम्हाला एफ २.८ आणि एक पन्नासांश हवे असेल तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी ६४ (उजेड चौसष्टाव्या भागावर आणणारी, लेन्सवर लावायची गडद काच). फिरवून कमी-जास्त होणारा फिल्टर सोयीचा असतो, पण रुंद लेन्सवर त्याच्या शेवटच्या टोकाला आकाशात काळी फुली उमटते, तेव्हा रुंद लेन्ससाठी ठरावीक ताकदीचाच फिल्टर ठेवा. फिल्टर सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घेऊन लहान लेन्सना तो बसवून देणारी स्टेप-अप रिंग लावा.

सहावी पायरी: आता बॉडी

लेन्स ठरल्या की त्या ज्यांवर बसतात अशा दोन-तीन बॉडींची नावेच उरतात. २५ फ्रेमच्या फोर-केमध्ये पूर्ण रुंदी, त्याच मोडमध्ये चालणारा डोळ्यांवरचा फोकस, माइकसाठी खाच आणि बाजूला उघडणारा स्क्रीन एवढे पाहा. सेन्सरचे स्थिरीकरण परवडत असेल तर सोनीचा ए६७०० किंवा फुजीफिल्मचा एक्स-एस२० घ्या. खर्च आवरायचा असेल तर निकॉनचा झेड३० फोर-केमध्ये काटछाट करत नाही, मात्र त्याच्या बॉडीत स्थिरीकरण नाही आणि डोळा लावायचा व्ह्यूफाइंडरही नाही, हे उन्हात जाणवते. फोर-के १२० फ्रेम, आठ-के वगैरेसाठी जास्तीचा एक रुपया देऊ नका.

सातवी पायरी: पिशवी भरणे

सेकंदाला १०० मेगाबिटचे चित्रण तासाला ४५ जीबी जागा खाते, तेव्हा व्ही३० ही वेगाची खूण असलेली १२८ जीबीची दोन कार्डे घ्या. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. त्यांची टोके झाकून ठेवा.

पावसाळ्यातून किंवा कोकणातून परतल्यावर लेन्स चामड्याच्या किंवा बंद कापडी पाऊचमध्ये तशीच ठेवू नका, कारण आपल्या हवेत काचेच्या आत बुरशी काही आठवड्यांतच धरू शकते. हवाबंद डब्यात ताजी सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या, आणि महिन्यातून एकदा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसते का ते पाहा. दिसली तर ती लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवून त्याच आठवड्यात साफ करायला द्या.