रोज सदतीस ठिपके

दारात रोज रांगोळी काढायची असं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा सोडलं. मुख्य कारण एकच. सकाळी सव्वासहाला उंबरठ्याशी बसून 'आज काय काढू?' असा प्रश्न. मग मोबाइलवर नमुने बघत बसायचं.

आता उद्याचा नमुना आजच गाडीत ठरतो. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलला बसायला मिळतं. मुलुंड ते घाटकोपर छोट्या डायरीत ठिपके जोडायचे. घाटकोपरला माणसं अंगावर येतात, तेव्हा डायरी पर्समध्ये. सकाळी फक्त काढायचं, विचार नाही.

माप एकच ठेवा: सात ते चार. मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार. एकूण 37. लहान ओळीतला प्रत्येक ठिपका शेजारच्या मोठ्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. चांदणी, सहा पाकळ्यांचं फूल, सगळं यात बसतं. पंधरा ते आठ दिवाळीला काढा.

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत जिन्यात गुळगुळीत टाइल्स, त्यावर पूड घसरते. म्हणून दीड फुटाचा कडप्पा आणला आणि त्यावर गेरू फिरवते. गेरू पूर्ण वाळू द्या, ओलसर राहिला तर रेघ फुटते. पूड जांभळी नाक्यावरून सुटी आणते, चहाच्या जुन्या गाळणीतून गाळते. पांढरी आणि सोबत चिमूटभर हळद, बस. रंगांच्या सतरा पुड्या माळ्यावर आहेत, त्यांनीच माझा पहिला प्रयत्न बुडवला.

खरी मेख चिमटीत आहे. गच्च धरली तर पूड सुटत नाही, सैल धरली तर ढीग. अंगठा तर्जनीवर हलका घासत राहायचा, हात जमिनीपासून दोन बोटं वर. आणि नजर हातावर नको, जिथे पोचायचंय त्या ठिपक्यावर. मला हे कळायला महिना लागला. तोवर माझ्या सगळ्या रेघा गांडुळासारख्या.

चुकलेली रेघ पुसू नका. बोट लावलं की गेरूही निघतो आणि डाग दिवसभर दिसतो. मी कुकर चढवून बसते, तिसऱ्या शिट्टीला उठते. पाकळी अर्धी असली तरी.

पेपरवाला पेपर नेमका फुलावर टाकायचा. मी रागावले नाही, कडप्पा वीतभर डावीकडे सरकवला.